संदेष्टेपणाची सनद कोण देतो? अमेरिकेतील काळ्या प्रचारकांचा इतिहास आणि आपला प्रश्न

‘देवाने मला बोलावले आहे’ असे कोणी म्हणाले की आपल्या चळवळीतला कार्यकर्ता सावध होतो. त्याने सावध व्हायलाच हवे. या देशात देवाशी थेट ओळख असल्याचा दावा करणाऱ्यांनी आपल्या बापजाद्यांकडून दक्षिणा घेतली, वेठ करून घेतली आणि वर त्यांनाच अपवित्र ठरवले. आजही बुवा, बापू आणि महाराज तोच धंदा नव्या मंडपात करत आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आकाशवाणीवर विश्वास ठेवत नाही. आम्हीही ठेवत नाही.

पण इतिहास तपासताना देव खरोखर बोलला की नाही, हा एकच प्रश्न नसतो. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: ‘देवाने मला बोलावले’ हे वाक्य उच्चारण्याची परवानगी कोणाला होती आणि कोणाला नव्हती? ब्राह्मणाने ते म्हटले तर शास्त्र, शंबूकाने तप केले तर शिरच्छेद, हा न्याय आपल्याला चांगला माहीत आहे. असाच न्याय अमेरिकेत काळ्या गुलामांना लावला गेला. तिथल्या गुलामांनी आणि त्यांच्या मुलीबाळींनी हे वाक्य मालकाच्या तोंडून कसे काढून घेतले, त्याचे त्यांना काय मिळाले आणि त्यात कोणता धोका दडलेला होता, हे आम्ही या लेखात मांडणार आहोत. फुले-आंबेडकरी परंपरेला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीची प्रथा नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1946 साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागवली.

पाचारण म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती बांधव या गोष्टीला ‘पाचारण’ म्हणतात. देव एखाद्याला हाक मारतो, निरोप देतो आणि तो लोकांपर्यंत पोहोचवायला लावतो. असा निरोप्या म्हणजे संदेष्टा. बायबलमधल्या संदेष्ट्यांची यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात पुष्कळ जण असे आहेत की ज्यांना कोणत्याही निवड समितीने पहिल्याच फेरीत बाद केले असते. मोशे स्वतःच सांगतो की आपल्याला नीट बोलता येत नाही. यिर्मया म्हणतो, मी अजून पोर आहे. योना तर हाक ऐकून उलट दिशेच्या जहाजात बसतो. तकोवा गावचा आमोस हा गुरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस. बेथेल इथल्या राजमंदिराचा पुरोहित अमस्या त्याला हाकलून देतो आणि आपल्या मुलखात जाऊन भाकरी मिळव म्हणतो. आमोसचे उत्तर असे की, मी संदेष्टा नव्हतो, संदेष्ट्याचा मुलगाही नव्हतो, मी गुरांमागे होतो, तिथून मला उचलले गेले.

हे उत्तर आपण नीट समजून घेतले पाहिजे. पुरोहिताचा अधिकार वंशातून आणि राजाच्या आश्रयातून येतो. आमोस म्हणतो की माझा अधिकार या दोन्हींतून आलेला नाही, म्हणून तुम्ही तो काढूनही घेऊ शकत नाही. ब्राह्मणी व्यवस्थेत असा दावा करायला जागाच ठेवलेली नाही. तिथे पौरोहित्य जन्माने मिळते आणि जन्माने नाकारले जाते. ख्रिस्ती धर्मात ही जागा ग्रंथातच होती. मात्र ग्रंथात जागा असणे आणि प्रत्यक्षात ती मिळणे यांत फार अंतर असते.

मालकाचा देव

अमेरिकेतल्या गोऱ्या मालकांनी हे अंतर कायद्याने पक्के केले. 1667 साली व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही. म्हणजे आत्म्याचे तारण होईल, पण शरीर मालकाचेच राहील. एखादा ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला गुलाम कसा ठेवू शकतो, ही टोचणी एका ओळीच्या कायद्याने मिटवली.

पुढे 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. तिच्यात जुन्या कराराचा सुमारे नऊ दशांश भाग आणि नव्या कराराचा निम्मा भाग गाळलेला होता. इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा त्यात नव्हती. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असे सांगणारा पौलाचा उपदेश मात्र शाबूत होता. आपल्याकडे शूद्रांनी वेद ऐकू नये म्हणून कानांची व्यवस्था केली गेली. तिकडे ग्रंथाचीच काटछाट केली गेली. पद्धत वेगळी, हेतू एक.

या साऱ्याचा कळस 1845 साली झाला. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठवता येईल का, हा बॅप्टिस्ट लोकांपुढचा वाद होता. उत्तरेकडची मंडळी नकार देऊ लागली, तेव्हा दक्षिणेकडचे गोरे बाहेर पडले आणि त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ ही स्वतंत्र संघटना काढली. गुलाममालकालाही देवाचे पाचारण असू शकते, हा त्यांचा आग्रह होता. या संघटनेने गुलामीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली ती 1995 साली, तब्बल दीडशे वर्षांनी. तेव्हा पाचारण हा शब्द आपोआप मुक्तिदायी नसतो, ही पहिली गोष्ट आपण लक्षात ठेवू. तो कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

गुडघ्यावरून उठवलेला माणूस

रिचर्ड ॲलन 1760 साली गुलामीत जन्मला. तरुणपणी तो मेथडिस्ट पंथाकडे वळला. त्याने जादा कष्ट करून पैसे साठवले, स्वतःला मालकाकडून विकत घेतले आणि तो प्रचारक झाला. फिलाडेल्फिया शहरातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्याला उपदेश करू देत, पण गोऱ्यांना सोयीची नसलेली पहाटेची वेळ देऊन. त्याच्यामुळे काळे लोक मोठ्या संख्येने येऊ लागले, तशी त्यांना वेगळे बसवण्याची व्यवस्था झाली. एका रविवारी प्रार्थना चालू असताना ॲलनचा सहकारी ॲब्सलम जोन्स गुडघे टेकून बसला होता. चर्चच्या विश्वस्तांनी त्याला ओढून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे त्याने विनवले. ते थांबले नाहीत. प्रार्थना संपल्यावर काळे लोक एकत्र उठून चर्चबाहेर पडले. चर्चची परंपरा ही घटना 1787 सालची मानते, काही अभ्यासक ती 1792 ची सांगतात.

ज्या सज्जाच्या बांधकामाला काळ्यांनी पैसे दिले आणि अंगमेहनतही केली, तिथेच ही गोष्ट घडली. काळाराम मंदिराच्या दारात 1930 साली काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ॲलनने पुढे जे केले तेही ओळखीचे वाटेल. ज्यांना आपण नको आहोत त्यांच्या दारात किती काळ उभे राहायचे, हा प्रश्न त्याने सोडवला. लोहाराची एक जुनी कार्यशाळा ओढून आणून 1794 साली त्याच्या मंडळीने स्वतःचे चर्च उभे केले. नाव ठेवले बेथेल. आमोसला हाकलले गेले ते ठिकाणही बेथेलच, हे आम्हाला इथे आठवते. गोऱ्या मेथडिस्ट पुढाऱ्यांनी या चर्चच्या इमारतीवर आणि व्यासपीठावर हक्क सांगायचा खूप प्रयत्न केला. अखेर 1816 साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बेथेलच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा काळ्यांचा स्वतंत्र पंथ स्थापन झाला आणि ॲलन त्याचा पहिला बिशप झाला.

इथे पाचारणाला संघटनेची, स्वतःच्या जागेची आणि न्यायालयीन लढ्याची जोड मिळाली. नुसत्या हाकेने काही झाले नसते.

बिशपने नाकारलेली बाई

आता याच चर्चची दुसरी बाजू पाहू. जरीना ली 1783 साली न्यू जर्सीत स्वतंत्र पण गरीब काळ्या कुटुंबात जन्मली. सात वर्षांची असताना तिला आईबापांपासून दूर मोलकरीण म्हणून ठेवले गेले. तरुणपणी फिलाडेल्फियात ॲलनचा उपदेश ऐकून ती त्याच्या मंडळीत आली. काही वर्षांनी तिला उपदेश करण्याची हाक ऐकू आली. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, अशी तिची पहिली प्रतिक्रिया होती. मग धीर करून ती ॲलनकडे गेली. ज्याला गोऱ्यांनी व्यासपीठ नाकारले होते त्या ॲलनने तिला सांगितले की आपल्या पंथाच्या नियमावलीत बाईने उपदेश करण्याची तरतूद नाही.

हा प्रसंग आम्हाला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोचरा वाटतो. गोऱ्यांची नियमावली ॲलनने बेथेलमध्ये नेली होती आणि तिच्यातली एक भिंतही सोबत नेली होती. जरीनाचा युक्तिवाद साधा होता. ख्रिस्त पुरुषासाठी मेला तसा बाईसाठीही मेला असेल, तर उपदेशाचा हक्क एकालाच कसा? आणि पुनरुत्थानाची बातमी सर्वांत आधी सांगणारी मरीया मग्दालीया बाईच नव्हती का?

मध्ये तिचे लग्न झाले, नवरा वारला, पदरी लहान मुले राहिली. 1819 साली बेथेल चर्चमध्ये एक पाळक योनाच्या कथेवर बोलत होता. बोलता बोलता तो अडखळला. जरीना आपल्या जागेवरून उठली आणि तोच धागा पकडून बोलू लागली. हाक ऐकूनही पळणारा योना म्हणजे मीच, असे तिने सांगितले. बोलून झाल्यावर आपल्याला मंडळीतून काढतील म्हणून ती घाबरून बसली. पण बिशप ॲलन उठला. ही बाई आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती आणि मी तिला टाळले होते, हे त्याने सर्वांसमोर सांगितले. इथे उपस्थित असलेल्या कोणत्याही प्रचारकाइतकेच तिला पाचारण आहे, हेही त्याने मान्य केले.

पुढे जरीना गावोगाव फिरली. एका वर्षात तिने 2,325 मैल प्रवास करून 178 प्रवचने दिल्याची नोंद आहे. बराचसा प्रवास पायी होता. गुलामीचा कायदा चालू असलेल्या राज्यांतही ती गेली, जिथे तिला पकडून विकले जाण्याची भीती होती. 1836 साली तिने आपले आत्मकथन स्वखर्चाने छापले. तरी तिच्या पंथाने तिला रीतसर दीक्षा दिली नाही. बायकांना पूर्ण पाळकपद मिळायला 1960 साल उजाडले. या पंथाची पहिली महिला बिशप 2000 साली झाली. जरीना लीला मरणोत्तर दीक्षा मिळाली ती 2016 साली. ॲलनने मान्य केले ते एका दिवसात, नियमावली बदलायला जवळपास एकशे चाळीस वर्षे लागली. व्यक्तीचे मतपरिवर्तन आणि संस्थेचे परिवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

तोच आवाज, दोन आज्ञा

व्हर्जिनियातला गुलाम नॅट टर्नर हा 1800 साली जन्मला. तो वाचायला शिकला होता, उपवास करी, प्रार्थना करी आणि गुलामांच्या मेळाव्यात बोले. त्याला दृष्टान्त होत. 1831 च्या फेब्रुवारीतले सूर्यग्रहण त्याने खूण मानली आणि ऑगस्टमध्ये उठाव केला. दोन दिवसांत सुमारे 55 गोरी माणसे मारली गेली, त्यांत लहान मुलेही होती. उठाव चिरडला गेला. गोऱ्या टोळ्यांनी उठावाशी काहीही संबंध नसलेल्या अनेक काळ्यांना ठार केले. टर्नरला 11 नोव्हेंबर 1831 रोजी फाशी दिले.

तुरुंगात त्याची हकीकत एका गोऱ्या वकिलाने लिहून घेतली, त्यामुळे ती जपूनच वाचावी लागते. तिच्यात एक तपशील आहे. टर्नर तरुणपणी एकदा पळून गेला होता आणि महिनाभराने स्वतःहून परत आला. का? तर आत्म्याने त्याला मालकाकडे परत जायला सांगितले म्हणून. बाकीचे गुलाम त्याच्यावर चिडले. आपल्याला अशी अक्कल असती तर आपण कोणत्याच मालकाची चाकरी केली नसती, असे ते म्हणाले.

आम्हाला इथे त्या अनाम गुलामांचे म्हणणे अधिक शहाणपणाचे वाटते. एकच आवाज एकदा मालकाकडे परत जा म्हणतो आणि पुढे मालकाला ठार कर म्हणतो. अशा आवाजाशी वाद घालता येत नाही, त्याला पुरावा मागता येत नाही. गुलामी हीच मुळात रोजची हिंसा होती आणि टर्नरच्या संतापाचा उगम तिच्यातच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण पाळण्यातल्या मुलाला मारायचे की नाही, हा निर्णय दृष्टान्तावर सोडता येत नाही.

सत्तेने मात्र यातून नेमका धडा घेतला. व्हर्जिनियाने 1832 मध्ये कायदा करून गुलाम असो की स्वतंत्र, परवाना असो वा नसो, काळ्या माणसाने उपदेश करण्यावरच बंदी घातली. शिक्षा होती 39 फटक्यांपर्यंत. काळ्यांच्या तोंडचे देवाचे नाव मालकाला बंदुकीइतकेच धोकादायक वाटत होते, याचा हा सरकारी दाखला आहे.

खोटा संदेष्टा ओळखायचा कसा?

सोजर्नर ट्रुथ हे नाव बऱ्याच जणांना माहीत असते. तिचे मूळ नाव इझाबेला. न्यूयॉर्क राज्यात 1797 च्या सुमारास ती गुलामीत जन्मली. तिची मातृभाषा डच होती. मालकाने मुक्त करण्याचा शब्द मोडला, तेव्हा 1826 साली तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती निघून गेली. तिचा मुलगा पीटर बेकायदा अलाबामात विकला गेला होता. या निरक्षर बाईने कोर्टात दाद मागितली आणि 1828 साली मुलगा परत मिळवला.

तिच्या आयुष्यातला यापुढचा भाग फार कमी सांगितला जातो. न्यूयॉर्क शहरात ती रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या सुताराच्या नादी लागली. हा गोरा माणूस स्वतःला मथायस म्हणवून घेई आणि आपण देवाचा संदेष्टा आहोत असे सांगे. श्रीमंत भक्तांच्या पैशावर त्याने आपले ‘राज्य’ थाटले. इझाबेलाने साठवलेले पैसे तिथेच गेले. घरकाम मात्र तीच करी आणि मारही खाई. बायकांनी धर्म शिकवणे हे त्या संदेष्ट्याला पाप वाटे. 1834 साली एका श्रीमंत भक्ताचा मृत्यू झाला, विषप्रयोगाचा संशय आला आणि सारे ‘राज्य’ कोसळले. एका गोऱ्या जोडप्याने विषाचा आळ इझाबेलावर टाकला. तिने पुन्हा कोर्ट गाठले, बदनामीचा दावा जिंकला आणि 125 डॉलर भरपाई मिळवली.

या अनुभवातून गेलेल्या बाईने 1 जून 1843 रोजी सांगितले की आत्म्याने मला बोलावले आहे, आणि तिने आपले नाव बदलले. सोजर्नर म्हणजे वाटसरू, ट्रुथ म्हणजे सत्य. पुढली चाळीस वर्षे ती गुलामीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलत फिरली.

मथायसही म्हणे देवाने बोलावले, सोजर्नरही म्हणे देवाने बोलावले. मग दोघांत फरक कसा करायचा? फरक त्यांच्या कामात दिसतो. एकाच्या हाकेतून त्याला महाल, भक्तांची संपत्ती आणि बायकांवर हुकूम मिळाला. दुसरीच्या हाकेतून तिला रस्ता मिळाला, शिव्या मिळाल्या आणि इतरांना माणूसपणाचा दावा करायचे बळ मिळाले. फळांवरून झाड ओळखावे असे मत्तयच्या शुभवर्तमानातही म्हटले आहे. आमची कसोटी हीच आहे आणि ती लावायला देव मानण्याची गरज पडत नाही. पाचारण झालेल्या माणसामुळे गुलामाची साखळी सैल होते की घट्ट होते? पैसा कोणाकडून कोणाकडे वाहतो? त्याला प्रश्न विचारता येतो का?

एक हाक आणि हजारो पाय

विसाव्या शतकात मार्टिन ल्यूथर किंग यांनीही असाच अनुभव सांगितला. माँटगोमेरीचा बस बहिष्कार चालू असताना 27 जानेवारी 1956 च्या रात्री धमकीचा फोन आला. ते स्वयंपाकघरात बसून राहिले, खचले, आणि तिथे त्यांना न्यायासाठी उभा राहा असा आतला आवाज ऐकू आला. तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तेव्हा ते फक्त 27 वर्षांचे होते. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत.

पण 381 दिवस चाललेला तो बहिष्कार एका हाकेवर उभा नव्हता. रोझा पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने हजारो पत्रके छापली आणि महिला राजकीय परिषदेने ती वाटली. मोलकरणी रोज मैलोगणती चालत कामावर गेल्या. ज्या खटल्यामुळे बसमधला भेद कायद्याने संपला, त्यात अर्जदार म्हणून चार काळ्या स्त्रिया होत्या: ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, मेरी लुईस स्मिथ आणि सुसी मॅक्डॉनल्ड. किंग यांच्या संघटनेचे कार्यालय उभे करणाऱ्या एला बेकर यांना तिथल्या पाळक पुढाऱ्यांनी कधी बरोबरीचे स्थान दिले नाही. एका तारणहाराकडे पाहत बसण्यापेक्षा लोकांनी स्वतः नेतृत्व करावे, असे त्या सांगत राहिल्या. 1949 साली घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध दिलेला इशारा आणि एला बेकर यांची भूमिका यांत फार अंतर नाही.

बाबासाहेबांचे उत्तर

हा सगळा इतिहास समोर ठेवून बाबासाहेबांची भूमिका वाचली की तिचे वेगळेपण कळते. 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात त्यांनी पौरोहित्याबद्दल ठोस सूचना केली. पौरोहित्य शक्य तर रद्द करावे. ते शक्य नसेल तर निदान वंशपरंपरेने चालू ठेवू नये. सरकारने परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण होणाऱ्या कोणत्याही हिंदूला सनद द्यावी, सनद नसलेल्याने धार्मिक विधी केल्यास तो गुन्हा ठरावा, आणि पुरोहिताला सरकारी नोकराप्रमाणे शिस्तीखाली आणावे. जन्म आणि दैवी हाक हे दोन्ही आधार त्यांनी बाजूला ठेवले आणि सर्वांना खुली असलेली, तपासता येणारी पात्रता पुढे केली.

कोणी म्हणेल, परीक्षेत जरीना ली पास झाली असती का? प्रश्न रास्त आहे. तिला तीन महिनेही शाळा मिळाली नव्हती. नियमावलीने तर तिला एकदा नाकारलेच होते. परवाना देणारा हात जातीचा किंवा पुरुषाचाच असेल तर परवाना हीच भिंत होते. म्हणूनच बाबासाहेबांनी सनदेबरोबर शिक्षण, कायदा आणि प्रतिनिधित्व या गोष्टींसाठी आयुष्य वेचले. दार उघडे ठेवून चालत नाही, दारापर्यंत पोहोचायचा रस्ताही लागतो. भारतातल्या चर्चकडे पाहा. ग्रंथात सारे समान, तरी दलित समाजातून आलेला पहिला कार्डिनल व्हायला 2022 साल लागले.

1950 च्या एका लेखात बाबासाहेबांनी धर्मसंस्थापकांची तुलना केली. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, महंमदाने देवाचा प्रेषित, कृष्णाने तर साक्षात देव. बुद्धाने यांपैकी काहीच म्हटले नाही. तो माणसाच्या पोटी जन्मलेला माणूस राहिला, त्याने मोक्ष देण्याचे वचन दिले नाही, मार्ग दाखवला, आणि आपले म्हणणे तपासून घ्यायची मुभा दिली. जरीनाला बोलण्यासाठी देवाची साक्ष काढावी लागली, कारण तिच्या काळात बाईच्या स्वतःच्या शब्दाला किंमत नव्हती. बुद्धाच्या धम्मात माणसाला बोलण्यासाठी आकाशातून परवाना आणावा लागत नाही. त्याचे माणूस असणे पुरेसे आहे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी एकाच वेळी म्हणतो. जरीना ली, सोजर्नर ट्रुथ, रिचर्ड ॲलन यांना आम्ही आपल्याच लढ्याचे पूर्वज मानतो. मालकाने बंद केलेल्या तोंडातून ते बोलले. हाती असलेले एकमेव हत्यार त्यांनी वापरले, त्याबद्दल त्यांना वेडे किंवा अंधश्रद्ध म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच वेळी ते हत्यार आपण उचलावे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या हातात संविधान आहे, धम्म आहे आणि प्रश्न विचारण्याची सवय आहे.

ती सवय आपण आपल्या घरातही वापरली पाहिजे. आपल्या विहारात वंदना घ्यायला किती वेळा एखादी बाई पुढे असते? जयंतीच्या व्यासपीठावरच्या खुर्च्यांत किती जणी बसतात आणि किती जणी मागे भोजनदानाच्या रांगेत वाढत उभ्या असतात? संघटनेच्या घटनेत तरतूद नाही, असे उत्तर किती जणींना मिळाले असेल? ॲलनसारख्या माणसानेही नियमावली पुढे केली होती. तो आठ वर्षांनी तरी उठून बोलला. आपल्या मंडळांनी आणि शाखांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आपली नियमावली उघडावी आणि कोणाला बोलायला मनाई आहे ते कलमवार वाचून काढावे. मग ती कलमे खोडायला फार वेळ लागणार नाही.

जय भीम.